तिन्ही सुया वर

भूकंपाविरुद्ध अर्ज करता येत नाही. सुरुंगाविरुद्ध करता येतो. चेअरमनला हा फरक माझ्याइतकाच नीट कळत होता. म्हणूनच त्या दुष्काळात आमच्या गावाखालची जमीन दुपारची हादरू लागली, तेव्हा हा भूकंपच आहे असे तो गावभर सांगत सुटला.

आमचे गाव नांदूरघाटच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. कोर्टातली शिरस्तेदारी संपवून मी गावी परतलो होतो. वकिली मी कधीच केली नाही, तरी गावाने मला ‘वकीलसाहेब’ केले होते. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असे. चेअरमन म्हणजे गावातल्या मजूर सहकारी संस्थेचा अध्यक्ष. दुष्काळी कामांवर लागणारी खडी पुरवण्याचे काम त्याच्या संस्थेने घेतले होते आणि त्यासाठी गावाच्या डोक्यावर, डोंगरात, खाण उघडली होती. संस्थेच्या मजूर सभासदांपैकी कित्येकांनी जन्मात पहार धरली नव्हती. पण तो माझा वेगळा अर्ज होता.

खाणीच्या खाली बारव होती. त्या साली विहिरी आटल्या, हातपंप नुसती हवा ओकू लागले, टँकर येई तेव्हा येई. बारवेच्या तळाशी मात्र एक झरा तग धरून होता. बायका पायऱ्या उतरून खाली जात आणि वाटीने घागर भरत. झऱ्यावरची भिंत चुन्याविना रचलेल्या घडीव दगडांची. हादरे सुरू झाल्यापासून तिचे पोट पुढे आले होते, आणि एक लांबट चिरा निम्मा बाहेर सरकून झऱ्यावर ओणवा झाला होता. माझी पत्नी रोज त्या चिऱ्याखाली बसून पाणी भरत असे. मला दुसरे काहीही सिद्ध करायचे नव्हते. तो चिरा खाली येण्याआधी सुरुंग थांबले पाहिजेत, एवढेच.

तहसीलला लिहिले. उत्तर आले की धक्के नैसर्गिक असल्याने कारवाई कोणाविरुद्ध करावी, हे अर्जदाराने स्पष्ट करावे. खाणीत आपण हलके सुरुंग उडवतो, त्याने चिमणीसुद्धा उडत नाही, असा चेअरमनचा लेखी खुलासा सोबत जोडला होता. लोकांना तो पटलाही होता. शेजारच्या जिल्ह्यातला मोठा भूकंप होऊन फार काळ लोटला नव्हता. जमिनीतून गडगडाट ऐकू आला की माणसे अजून दाराकडे धावत. त्या भीतीवर एक माणूस आपली खडी फोडत होता. संतापाच्या भरात लिहिलेला मजकूर वाचता येत नसे, म्हणून मी एकेक अर्ज पुन्हा सुवाच्य लिहून काढी.

शेवटी भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला लिहिले. उत्तराऐवजी जीप आली. तिच्यातून एक तरुण शास्त्रज्ञ बाई उतरल्या आणि त्यांनी खाणीच्या तीन बाजूंना तीन यंत्रे मांडली. एक डोंगरापलीकडच्या शाळेत, एक ओढ्याकाठी शेतातल्या आखाड्यावर आणि तिसरे आमच्या शेतकरी सोसायटीच्या गोदामात, कारण गोदामाचा पाया थेट कातळावर होता. यंत्र म्हणजे काजळी धरलेला कागद गुंडाळलेले फिरते पिंप आणि त्यावर रेघ ओढणारी सुई.

“काका,” त्या म्हणाल्या, “सुरुंग फुटला की खडक चारी बाजूंना बाहेर ढकलला जातो. म्हणून पहिल्या लाटेला सुई सगळीकडे वरच उडते. भूकंपात खडकाची एक बाजू दुसरीला घासून सरकते. त्यामुळे काही जागी पहिला धक्का ढकलतो आणि काही जागी ओढतो. तिथं सुई खाली जाते. शिवाय भूकंपात मागून येणारी आडवी लाट मोठी असते. स्फोटात तीच दुबळी पडते.”

मला हे तत्काळ पटले. साक्षीदाराची पहिली जबानी महत्त्वाची, शिकवणी होण्याआधीची. नंतरचा थरथराट कोणीही करतो.

पहिल्या काही दिवसांतच शाळेतली सुई वर उडाली. आखाड्यावरचीही वर. गोदामातल्या कागदावर मात्र नुसता काजळीचा चिखल झाला होता. बाई म्हणाल्या, ही तिसरी बाजू स्वच्छ मिळाल्याशिवाय त्या काहीही लिहून देणार नाहीत. दोन्ही सुया ढकलणाऱ्या बाजूलाच होत्या असे उद्या कोणीही म्हणू शकेल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही लिहून दिले नसते. त्यामुळे माझा राग काढायलाही जागा उरली नाही.

ती जागा दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मागे सापडली. गावातले आठ-दहा जण मुसळे आणि पहारी घेऊन जमीन बडवत होते.

“हे काय चाललंय?” मी ओरडलो.

“भूकंप वाढवायलोत, वकीलसाहेब.”

“काय?”

“जितके धक्के जास्ती, तितकी मदत जास्ती. शेजारच्या जिल्ह्यात सिमेंटची घरं भेटली. आमाला कावून नको?”

“पुराव्यात ढवळाढवळ करणं हा दखलपात्र गुन्हा आहे!”

“ऐका बे, भूकंपाला जामीन मिळंना आता!” एकाने मुसळ खांद्यावर टाकले. दुसरा म्हणाला, “हळू मार रे, लई मोठा झाला तर घरबी पडंल अन् मदतबी बुडंल.”

सगळे हसले. मी कलम सांगितले, आणखी हसले. मदतीची ही अफवा कोणी पिकवली हे मला माहीत होते, पण सिद्ध करता येत नव्हते. आणि सिद्ध करता न येणारे मी लिहीत नाही.

मुसळे थांबवण्याचे काम माझ्या पत्नीने केले. तिने एकाही मुसळवाल्याशी वाद घातला नाही. त्यांच्या आयांना आणि बायकांना तिने झऱ्यापाशी उभे केले आणि म्हणाली, “वर बगा.” त्यांनी त्या चिऱ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मुसळे घरात गेली.

गोदामाला लागून पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरू लागला की सुई नाचे. गिरणीवाले चाचा म्हणाले, “वकीलसाब, तुमच्या कागदापायी गावानं आख्खी ज्वारी चघळायची का?” मी एका दुपारपुरते मागितले. त्यांची सून पाण्याला बारवेतच जात असे. हातावरचे पीठ झटकत ते म्हणाले, “एक दोपहर. बस.”

त्या दिवशी गाव खरोखर थांबले. गाड्या वेशीबाहेर उभ्या केल्या होत्या, गिरणी बंद होती, मुसळवाले गोदामाच्या सावलीत मांड्या घालून बसले होते. बायका रिकाम्या घागरी घेऊन बारवेच्या काठावर. खाली कोणीही उतरायचे नाही, असे ठरले होते. उन्हात हवा कापत होती. रोजची वेळ आली आणि निघून गेली. जमीन हलली नाही.

चेअरमन मोटारसायकलवर आला, गोदामाच्या ओट्यावर बसला आणि उपरण्याने वारा घेत म्हणाला, “आज भूकंपाला सुट्टी दिसतीय, वकीलसाहेब.”

मी खाणीकडे पाहिले. खाणीतला कॉम्प्रेसर सकाळभर चालून बंद झाला होता, म्हणजे भोके पाडून झाली होती. दारू भरलेली भोके रात्रभर तशीच ठेवता येत नाहीत, हा नियम मी वाचला होता. म्हणजे धक्का येणारच होता. चेअरमन आमच्या थकण्याची वाट पाहत होता. मी काठावर गेलो आणि बायकांना म्हणालो, अजून उतरू नका.

“जनावरं हंबराय लागल्यात,” पत्नी म्हणाली. “लेकरं पाणी मागायलीत. नियम दाखवून गप करू का त्येंला?”

“थोडा वेळ.”

“सकाळपस्नं थोडाच वेळ म्हणायलात.”

ती उतरली. तिच्यामागे चाचांची सून उतरली आणि मग इतर. मी काठावर उभा राहून खाली पाहत होतो. भिंतीवरच्या त्या चिऱ्याखाली पत्नीच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. मागे चेअरमनची मोटारसायकल सुरू झाली आणि डोंगराच्या वाटेला लागली. गोदामाकडून कोणीतरी ओरडले, “चाचा, आता लावा गिरणी!” चाचांचा आवाज आला, “बायकांच्या घागरी वर येईस्तोवर पट्टा चढवत न्हाई. बैठ चुपचाप.”

आणि धक्का आला. दिवसभर राखून ठेवलेला तो धक्का रोजच्याहून मोठा होता. आधी तळपायांना कळला, मग कानांना. तो चिरा किंचित मागे सरल्यासारखा वाटला आणि सुटला. तळाशी तो आपटल्याचा आवाज बारवेत फिरत राहिला. खाली धूळ, आणि तिच्यातून एकही किंचाळी नाही. त्या शांततेएवढे मी आयुष्यात कशालाही घाबरलो नाही.

पायऱ्या उतरलो ते कसे, ते आठवत नाही. बाजूच्या भिंतीत मूर्तीविना रिकामी राहिलेली एक देवळी आहे. तिच्यात पत्नी चाचांच्या सुनेला कवटाळून दाटीने उभी होती. दोघी चिखलाने माखलेल्या. बाकीच्या अजून पायऱ्यांवरच होत्या. पायाखालून गुरगुर आली की देवळीत शिरायचे, हे बायकांनी केव्हाच आपसांत ठरवले होते; मला सांगण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. पत्नीची घागर चिऱ्याखाली चेपली होती.

“हात काय धरताव? घागर काढा,” ती म्हणाली. घागर निघाली नाही.

गोदामात एकही माणूस जागचा हलला नव्हता. बाईंनी कागद उजेडात धरला. काळ्यावर पांढरी, स्वच्छ रेघ. पहिली उडी वर, मागची लाट दुबळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतला आणि आखाड्यावरचा कागद शेजारी मांडला. तिन्ही सुया वर होत्या.

“हा स्फोट आहे,” त्या म्हणाल्या. “आणि हलका मुळीच नाही.” तेच त्यांनी सही करून लिहून दिले.

आता कारवाई कोणाविरुद्ध, हा प्रश्न उरला नव्हता. अधिकारी आले, पडलेला चिरा त्यांनी पाहिला आणि खाण बंद करण्याचा हुकूम चेअरमनच्या हातात दिला. हुकूम वाचताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मुसळवाल्यांनीही पुढे कित्येक दिवस पाहिले नाही. भूकंप नव्हता म्हणून मदत नव्हती, आणि त्यांच्या भिंतींच्या भेगांना आता वालीच नव्हता. त्या भेगांची भरपाई मजूर संस्थेने द्यावी, असा अर्ज मी लिहिला. तो त्यांच्या सह्यांविना गेला.

खाण थांबल्यावर पहिल्या दुपारी मी बारवेवर गेलो. चिऱ्याच्या जागी भिंतीत काळी खोबण होती आणि तिच्या शेजारचे दगड मोकळे दिसत होते. रोजची ती वेळ आली तेव्हा खालच्या बायकांच्या वाट्या थांबल्या. सगळ्यांनी देवळीकडे एक पाऊल टाकले आणि वाट पाहिली. काहीच झाले नाही. मग पत्नी उसन्या घागरीपाशी पुन्हा बसली.

“आता तरी चिठ्ठ्या बंद करा,” ती खालून म्हणाली.

मी त्या मोकळ्या दगडांकडे पाहिले. भिंत दुरुस्त करून मागण्याचा अर्ज माझ्या खिशात होता.