नेकबख्तची डोलणारी मान

पामिरच्या डोंगरातली नेकबख्त हिमनद्या शिकायला किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला आली, ती गावातली पहिलीच. शिकवणं सगळं इंग्रजीत. पुस्तकातलं इंग्रजी तिला घडाघडा यायचं. पण प्राध्यापक मॅकरे पडले स्कॉटलंडचे. त्यांचे निम्मे शब्द बाहेर यायचे, निम्मे मिशीतच अडकायचे. एका वाक्याचा अर्थ लागेपर्यंत पुढची तीन निघून गेलेली असायची.

तरी बाईसाहेब पहिल्या बाकावर, छातीवर हात ठेवून मान डोलवत बसायच्या. पामिरात वडीलधारं माणूस बोलताना असंच ऐकतात. 'तुमचा मान राखते' एवढाच त्याचा अर्थ. 'कळलं' असा नव्हे. हे मॅकरेंना कोण सांगणार? हिला कळतंय म्हणजे सगळ्यांना कळतंय, असं धरून ते आणखी सुसाट सुटायचे.

शुक्रवारच्या व्याख्यानावर वर्गात चर्चा व्हायची होती आणि ती चालवायची होती नेकबख्तने. निम्मे गुण त्याचेच. नापास झाली की शिष्यवृत्ती बंद, म्हणजे शिक्षणही बंद. गुरुवारी दुपारी खानावळीत लगमानचा, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचा वाडगा पुढ्यात घेऊन ती रडवेली बसली होती, तर खोलीतली मैत्रीण बुरुल तिच्यावरच उखडली.

"तू मान डोलवतेस आणि ते घोडं उधळतं. मागे धावून आमचा जीव जातो."

"म्हणजे तुलाही कळत नाही?"

"कुणालाच कळत नाही गं बाई. तुला कळतंय असं वाटून आम्ही गप्प बसतो."

घरोघरी मातीच्या चुली! नेकबख्तला इतका आनंद झाला की तिने आणखी एक वाडगा मागवला.

शुक्रवारी तिसऱ्याच वाक्याला तिने छातीवरचा हात काढून वर केला. "सर, नाही कळलं. पुन्हा सांगाल?" मॅकरेंनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. मग तिने आणखी पाच वेळा विचारलं. तोवर बुरुलचा हात वर आला होता, पाठोपाठ अख्ख्या वर्गाचे. मॅकरे खुर्चीत बसले आणि दोन महिने मान कशाला हलवत होतीस, म्हणून विचारू लागले. तिने सांगितलं, तसे ते कानापर्यंत लाल झाले. मग एकेक अवघड शब्द फळ्यावर लिहीत त्यांनी व्याख्यान पुरं केलं. चर्चा अशी रंगली की तास संपला तरी कुणी उठेना. नेकबख्त पास झाली, तीही झोकात.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. तिचे वडील गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. गुरूंचं बोलणं सहा वेळा तोडलं, हे ती एका दमात सांगून गेली आणि मग घाबरली.

"बाबा, रागावलात?"

"नाही गं पोरी," ते हळूच म्हणाले. "माझ्या वर्गात चाळीस वर्षं सगळे मान डोलवत होते."