मागच्या चाकाची जाळी

बायको गेल्यावर पंधराव्या दिवशी मी सायकलच्या मागच्या चाकाची जाळी काढायला गेलो. बाईमाणसाचा पदर चाकात जाऊ नये म्हणून बसवतात, ती. लातुरात गंजगोलाईच्या मागं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला मिस्त्री माझ्या निम्म्या वयाचा, पण त्याच्या बापापासूनची ओळख.

"चाचा, राहू द्या की. काय खाऊन राहिली ती तुमचं?"

"मागं कोण बसणार हाय आता? फुकट खडखड करती. काढ."

त्यानं काढली, पण भंगारात टाकली नाही. दुकानातल्या खिळ्याला अडकवली. मी म्हणलं, फेक. तो म्हणला, बघू. मला राग आला. माझ्या घरचं दुःख त्याच्या खिळ्याला कशाला?

ती जाळी कशी आली ते सांगतो. मी लातूरच्या आडत बाजारात हमाली केली. पाठ गेली तोवर केली. अमावास्येला बाजार बंद, म्हणून आमची सुट्टी अमावास्येची. शेजारच्या बाया म्हणायच्या, अमावास्येला कुठं निघू नये. ही म्हणायची, मग काय पुनवेला तुम्ही आमच्या मालकाची पोती उचलणार का? सकाळी भाकरी बांधायची, मागं कॅरियरवर बसायची, की निघाली आमची गाडी. कधी तळ्याकाठी, कधी देवीला, कधी नुसतं रस्ता नेईल तिकडं. कामाबिगर सायकल चालवणारे तेव्हा आम्ही दोघंच असू. लोक हसायचे. हसू देत.

लग्नानंतर पहिल्याच येळवशीला तिच्या माहेरी निघालो होतो. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत लक्ष्मी आणि पाच पांडव मांडायचे, रानात आंबील शिंपायची, आणि भज्जी म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांचं कालवण, बाजरीचे उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर खायचं. त्या दिवशी रानात आलेल्याला उपाशी लावत नाहीत, मग तो वैरी का असेना. तिचं माहेर रेणापूरच्या पुढं. अर्ध्या वाटेत तिचा पदर चाकात गेला आणि आम्ही दोघं सायकलसकट आडवे. नवी साडी हातभर फाटली. ती रस्त्यावर बसून हसून राहिली होती आणि मी तिला म्हणलो, "डोळे फुटले होते का? पदर सांभाळता येत न्हाई?" तिचं हसू तिथंच थांबलं. मग कुंकू पुसलं होतं ते नीट केलं, उठली, म्हणली, "चला. अर्ध्यातून माघारी न्हाई जायचं."

रानात पोचलो तर तिच्या भावानं साडी बघितली. तेव्हा पोरसवदा होता, मिशी नव्हती. परत निघताना बहिणीच्या पदराला दोन वेढे देऊन स्वतः कमरेला खोचला आणि मला म्हणला, "दाजी, जाळी बसवून घ्या." मी बसवली.

तेव्हापासून एक येळवस चुकली नाही. फजिती मात्र दरवर्षी नवी. एकदा चाकात बाभळीचा काटा भरला आणि रेणापूरपासून पायी आलो. ती चपला हातात घेऊन चालायची, झिजतील म्हणून. एकदा तिच्या वहिनीनं आंबिलीचं बिंदगं, छोटी घागरच, भरून दिलं. ती मांडीवर घेऊन बसली, खड्डा आला आणि सगळी आंबील माझ्या पाठीवर. ताक, ज्वारी, लसूण. लातूर येईस्तोवर माश्या आमच्या संगं. "तुमच्या मागं एवढी वरात कधी न्हवती," असं म्हणून हसली होती. त्या दिवशी मी पण हसलो, एवढं बरं केलं.

गेल्या श्रावणात ती गेली. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

आमच्यात नवऱ्याआधी बाई गेली तर शेवटचं लुगडं माहेरचं असतं. भाऊ आणतो. ते अंगावर घालतात, मगच उचलतात. भावाला सकाळी निरोप गेला होता. मुलगा नांदेडला नोकरीला आहे, तो दुपारपर्यंत आला. भावाचा पत्ता नाही. फोन लागेना. माणसं ओट्यावर बसलेली, घड्याळं बघून राहिलेली, आभाळ भरून आलेलं. मुलगा म्हणला, "मामाला येऊ द्या." मी म्हणलो, "किती वाट बघायची? उचला." शेजारणीनं दुकानातून हिरवी साडी आणली होती, ती घातली.

लोकांना वाटतं पावसाच्या भीतीनं मी घाई केली. तसं नाही. तिचं तोंड मला बघवत नव्हतं. झाकून एकदा न्यावं असं झालं होतं. हे मी कुणाला बोललो नाही.

अग्नी दिला आणि भाऊ आला. मोटरसायकल स्मशानाच्या फाटकात लावली, हातात साडीचा पुडा. जाळाकडं बघत उभा राहिला. मी जवळ गेलो तर मागं सरकला. सामान लादून आणलेली माझी सायकल बाहेर भिंतीला लावलेली होती. पुडा तिच्या कॅरियरवर ठेवला आणि निघून गेला. दहाव्याला आला नाही, तेराव्याला आला नाही. मी फोन केला की वहिनी उचलायची. "रानात गेलेत दाजी." दर वेळी रानात.

ती साडी माझ्याकडं राहिली. मेलेल्या बाईच्या नावानं आणलेली, तिच्या अंगाला न लागलेली. कुणी नेसणार नाही. मुलगा म्हणला गोदावरीत सोडू. सोडायची असती तर तिच्या भावानंच सोडली असती. मला वाटायचं, त्यानं ती माझ्या हातातून परत घ्यावी आणि तोंडानं एकदा दाजी म्हणावं. शिव्या घालून म्हणला तरी चालेल.

मुलगा नांदेडला चला म्हणतो. दोन दिवस जाऊन आलो. तिथं माझं काय? लातुरातही रविवारी सकाळी घर खायला उठतं. म्हणून रविवारी सायकल काढायला लागलो. रस्त्यात डॉक्टर लोकांचा एक घोळका भेटायचा. डोक्याला टोप, अंगाला चिकटलेले कपडे, आणि एकेक सायकल अशी की करंगळीवर उचलावी. मी पायजमा दोरीनं बांधून बावीस इंची काळी सायकल हाणत त्यांच्या मागं. आधी हसले, मग ओळख झाली. चढावर ते उतरून पाणी पीत बसले की मी पुढं निघून जायचो. "काका, काय खाता हो?" विचारायचे. काय खाणार? हातानं थापलेली जाड भाकरी, एका बाजूनं करपलेली.

या येळवशीला त्यांचा बेत ठरला. कुणाच्या तरी मळ्यात जेवण, रेणापूरच्या वाटेला. मला म्हणले, चला. माझ्या घरी वर्षाच्या आत सण नाही. पण रस्ता तोच होता. आणि येळवशीला रानात आलेल्याला हाकलत नाहीत, हे माझ्या डोक्यात होतं. एरवी गेलो असतो तर तिच्या भावानं दार लावलं असतं.

सकाळी साडी पिशवीत घातली, पिशवी कॅरियरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळली. जन्मभर शंभर किलोची पोती रचली मी, आणि पाऊण किलोची साडी नीट बांधता आली नाही. रेणापूर दिसायला लागलं तेव्हा उसाची ट्रॉली अंगावरून गेली. मी कडेला घेतली, सायकल खड्ड्यात आदळली, पिशवी तिरकी झाली. पन्नास पावलं गेलो असेन. मागचं चाक एकदम जाम झालं आणि मी डांबरावर.

वळून बघितलं तर हिरवा काठ चाकात. तारांत, चेनमध्ये, एक्सलला गुंडाळलेला.

डॉक्टर लोक थांबले. एकानं माझा गुडघा धुतला, पट्टी लावली. मग पिशवीतून कात्री काढली.

"काका, कापावं लागेल."

"कापायचं न्हाई."

"अहो, अडकलंय सगळं. जुनी साडी दिसते."

"जुनी न्हाई. घडी मोडली न्हाई अजून."

ते एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक हळूच म्हणला, "कुणाला द्यायची होती का?" मी म्हणलो, "तुम्ही व्हा पुढं. आंबील आंबून जाईल." थांबतो म्हणत होते, मीच लावून दिलं. भले लोक आहेत. पण कात्री आधी काढतात.

लिंबाखाली सायकल उलटी केली, पान्यानं चाक उतरवलं आणि चाक उलटं फिरवत बोटा-बोटानं काठ सोडवत बसलो. रस्त्यावरून ट्रॅक्टर भरभरून माणसं रानात चाललेली. बाया नटलेल्या, डोक्यावर टोपल्या, बिंदगी. एक म्हातारी ओरडली, "पावणं, येळवशीला पंक्चर काढीत बसलाव व्हय?" मी हात केला. सगळी साडी निघाली तेव्हा हातभर फाटलेली होती आणि काठ ग्रीसनं काळा. बरोबर हातभर. जाळी असती तर झालं नसतं. जाळी दुकानात खिळ्याला.

तिथून माघारी फिरावं असं लई वाटलं. ही असती तर काय म्हणली असती ते ठाऊक होतं. गेलो.

रानात कोप तीच, चिंचेजवळची. दहा-बारा माणसं जेवून राहिली होती. वहिनी उठली, "या दाजी, हातपाय धुवा," म्हणत पाण्याचा तांब्या दिला. माझा गुडघा बघून तिचं तोंड उतरलं. तिचा नवरा कोपीपाशी बसला होता. उठला नाही, पण पंगतीत सरकून जागा केली. पत्रावळ माझ्यापुढं आली. भज्जी, उंडा, आंबील. त्यानंच वाढलं, माझ्याकडं न बघता.

ही शेजारी बसायची आणि तिच्या पानातली भज्जी माझ्या पानात सारायची. वहिनी जवळ येऊन बसली आणि हळू बोलली. "दाजी, तुम्हाला ठाव न्हाई. रेणापुरात त्यांना जाड काठाची भेटली न्हाई. वन्संला बारीक काठ चालत न्हवता ना. लातुरात चार दुकानं फिरले. त्यात उशीर झाला. पाचव्या दुकानात भेटली."

त्याचा उशीर मी स्मशानाच्या फाटकापासूनच मोजत होतो, त्याआधी तो कुठं होता ते विचारलंच नव्हतं. तो चार दुकानं फिरत होता, आणि मी उचला म्हणत होतो.

जेवण झाल्यावर साडी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं घडी उलगडली. फाटलेलं बघितलं, काळं बघितलं.

"हे काय?"

चार महिन्यांतला त्याचा पहिला शब्द.

"चाकात गेली."

"जाळी कुठाय?"

"काढली. मागं बसणारी न्हाई म्हणून."

"मग हिला कशाला बसवली मागं?"

वहिनी मधे पडली. "राहू द्या हितंच. धुऊन कोपीला गुंडाळू, लक्ष्मीला हिरवं लागतंच की."

"मढ्याची साडी लक्ष्मीला?" तो तिच्यावर ओरडला. मग माझ्याकडं वळला. "तिची होती. तिच्या अंगावर जायची होती. आता माझी न्हाई आणि ह्या घराची न्हाई. तुम्ही जाळलं, तुम्हीच सांभाळा."

"चुकलो मी," मी म्हणलो. "मला तिचं तोंड बघवत न्हवतं." हे पहिल्यांदा तोंडातून गेलं, तेही दहा माणसांपुढं. त्यानं मान खाली घातली आणि कितीतरी वेळ ढेकळं फोडत बसला.

ऊन कलायला मी उठलो. अंधाराआधी लातूर गाठायचं होतं. सायकलला हात लावला तर तो आला. साडी घेतली, मांडीवर ठेवून बारीक घडी घातली, फाटकं आणि काळं आत गेलं. सुतळीनं कॅरियरला आवळली, वरून दोन वेढे, खाली गाठ, टोक आत खोचलं. बहिणीचा पदर खोचला होता तसाच. हलवून बघितली. हलली नाही.

"हळू जावा," म्हणला.

मी जरा थांबलो, पुढं दाजी म्हणतो का बघत. तो आंबिलीचं बिंदगं उचलून कोपीकडं गेला.

सांजेला लातुरात शिरलो. येळवशीचं गाव रिकामं, दुकानं बंद, मिस्त्रीचंही बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सायकल त्याच्यापुढं उभी केली. त्यानं कॅरियरवरची सुतळी बघितली, माझा गुडघा बघितला आणि खिळ्यावरची जाळी खाली काढली. गंज चढला होता. रॉकेलच्या फडक्यानं पुसून बसवली.

तिच्या भावानं मारलेली गाठ मी अजून सोडलेली नाही. श्रावणात वर्ष घालायचं आहे. त्याला निरोप पाठवणार आहे. वहिनी फोन उचलेल, रानात गेलेत म्हणेल. तोवर रविवारी साडी मागं असते. जाळी खडखड करते. करू दे.