एदुविनाला हॉटेल हवं होतं

चिलीतल्या कोपियापोत एदुविना गोदोयला ‘पडदेवाली’ म्हटल्याशिवाय कुणी ओळखत नाही. वाळवंटातलं ऊन ते, प्रत्येक खिडकीला जाड पडदा लागतोच, आणि अर्ध्या गावाचे पडदे तिच्याच मशीनवर शिवलेले. बाई तोंडानं फटकळ, पण मनानं इतकी मऊ की चौतीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. यंदा मात्र तिनं मागितलं.

“या उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, समुद्रावर तंबू नको. हॉटेलात राहू.”

नोल्बेर्तो, तिचा नवरा, जन्मभर ट्रक चालवून नुकताच घरी बसलेला. त्याला ठसकाच लागला. “हॉटेल? अगं म्हातारे, मोकळी हवा सोडून भिंतीत कोंडून घ्यायचं? भिंती काय घरी नाहीत?”

“आहेत. पण तिथे चादरी दुसरं कुणीतरी घालतं.”

रविवारी चहाला सगळं गोत जमलं. तीन मुलं, सुना-जावई, सहा नातवंडं. मत घेतलं तर तेरा हात तंबूसाठी वर आणि एक हॉटेलसाठी. थोरली यास्ना लाडात येऊन म्हणाली, “आई, तंबूत तुझ्या हातचं जेवण मिळतं! हॉटेलात कुठलं?”

“तेच तर म्हणतेय मी,” एदुविना म्हणाली. पण ऐकतो कोण?

आता आमच्याकडे तंबू ठोकायला जातात म्हणजे घरच उचलून नेतात. शनिवारी सकाळी ट्रकात फ्रिज चढला, शेगडी चढली, दोन गॅस सिलिंडर, डबल बेड, जेवणाचं टेबल, सोफा, टीव्ही आणि भिंतीवरची मारियामाताही चढली. एवढं वाळवंट तुडवून जायचं आणि तिथे जाऊन गैरसोय सोसायची, असला वेडेपणा आम्ही करत नाही.

नोल्बेर्तोनं हॉर्न वाजवला. एदुविना कुलूप आणायला आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. शेगडीच्या जागी तेलकट चौकोन उरला होता. पातेलं नाही, डाव नाही, खरकटी बशी नाही. मागच्या खोलीत तिचं मशीन आणि एक जुनी गादी, बस्स. आणि काय शांतता हो! तिला एकदम हसूच फुटलं.

ती दारात आली. “तुम्ही व्हा पुढे.”

“आणि तू?”

“मी हॉटेलात राहतेय.”

“कुठल्या?”

तिनं अंगठ्यानं मागे दाखवलं. “शेगडी नाही, भांडं नाही, तुम्ही कुणी नाही. याहून चांगलं हॉटेल अख्ख्या चिलीत असेल तर दाखव.”

नोल्बेर्तो आधी हसला, मग चिडला, मग “नाटकं पुरे!” म्हणून त्यानं एवढा हॉर्न बडवला की शेजारीण केसांच्या पिनांसकट बाहेर आली.

“अगं आई, जेवणाचं काय?” यास्ना ओरडली.

“भांडी ट्रकात आहेत. हात तुमच्याही अंगाला आहेत.” आणि तिनं दार लावलं.

खोटं कशाला सांगू, पहिला दिवस तिला जडच गेला. हात उगाच पातेलं शोधायचे. आपण इतक्या वाईट कधीपासून झालो, म्हणून ती थोडी रडलीसुद्धा. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि अवोकाडो आणला, गादीवर पाय पसरून खाल्ला आणि भरदुपारी चार तास गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक येऊन थांबला. नोल्बेर्तो एकटाच. शर्टावर तेलाचे डाग, बोटाला चिंधी, डोळे तारवटलेले. स्वतःच्याच घराचं दार त्यानं वाजवलं. खुर्ची नव्हतीच, म्हणून जमिनीवर बसला. एदुविनानं अर्धा पाव मोडून दिला. त्यानं तो दोन घासांत संपवला.

“सकाळी चहा,” तो म्हणाला, “मग पाव, मग मासे तळा, मग भांडी. भांडी होतात न होतात तोच पुन्हा चहा. तेरा तोंडं गं! तीन दिवस झाले, म्हातारे, समुद्राकडे मान वर करून बघायला मिळालं नाही मला.”

“मला चौतीस वर्षं झाली,” एदुविना म्हणाली.