शिरगावच्या रांगेतला हुकूम

साईबाबांवर मी रुसले होते, हे आधी कबूल करते. कित्येक गुरुवार शिरगावला साईंच्या दर्शनाला जात होते आणि एकच मागत होते, आमच्या ह्यांची साखर उतरू दे. साखर चढतच होती आणि हे दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते.

हे फौजेत स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन वडिवळ्याला भातशेती बघतात. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्याचं कार्ड ट्रंकेत कपड्यांखाली पडून होतं. विषय काढला की म्हणायचे, "तितं गोळी झेललेली माणसं येत्यात. म्या लंगरात रोट्या भाजल्या. कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हणायचे, "सरकारनं कार्ड काय तोंड बघून दिलं व्हय?" पण माणूस जितका गुणाचा, तितकाच हट्टी.

त्या गुरुवारी मंदिराबाहेर ह्यांनी बूट काढले, मोजे मात्र काढले नाहीत. रांगेत आमच्या मागं पांढऱ्या, आखूड केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि फरशी दाखवली. ह्यांच्या पावलाचा लालसर, ओला ठसा उमटला होता.

बाईंनी ह्यांना पायरीवर बसवून स्वतःच्या हातानं पलटणीतला हिरवा मोजा उतरवला. करंगळीखाली काळी पडलेली जखम. साखरेमुळं ह्यांना ती दुखतच नव्हती, आणि मला कळू नये म्हणून पंधरा दिवस मोजा घालून फिरत होते.

"फौजी ना? मी लष्करी इस्पितळात नर्स होते," बाई म्हणाल्या.

"फौजी कसला मॅडम, लंगरात होतो," हे पुटपुटले.

"तुम्ही जेवू घातलंत म्हणून बाकीचे उभे राहिले. उद्या सकाळी कार्ड घेऊन दवाखान्यात हजर व्हायचं. हा हुकूम समजा."

हे तसेच उघड्या पायानं ताठ उभे राहिले. "जी मॅडम." माझं इतक्या वर्षांत एकदा असं ऐकलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट पुण्याच्या लष्करी इस्पितळात पाठवलं. करंगळी गेली. आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंना मी नंतर बरेच गुरुवार शोधलं, त्या भेटल्या नाहीत. कोण होत्या, कुठून आल्या, याचा कीस मी काढत नाही.

एक मात्र उमगलं. मी बाबांना काय द्यायचं ते सांगत होते, आणि मला काय हवंय ते मलाच ठाऊक नव्हतं. आता हात जोडते आणि गप्प उभी राहते.

रोज सकाळी ओसरीवर हे आपणहून पाय माझ्या मांडीवर ठेवतात. पूर्वी नुसतं पायाला तेल लावते म्हटलं तरी लाजायचे. आता म्हणतात, "नीट बघ, सरकारी पाय हाय." मी बोटांमधलं प्रत्येक बेचकं निरखून बघते, आणि त्यातच माझा नमस्कार होऊन जातो.