उन्हात सुस्तावणारी पेटी

पंपावरच्या चाचांचे उपकार मी मरेस्तोवर विसरणार नाही. ते दुष्काळाचं वर्ष. वडवणीकडच्या आमच्या गावात पाणी उरलं होतं ते सहकारी सोसायटीच्या एका विहिरीत. तीन-तीन तासांच्या पाळ्या लावल्या. पण प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ वेगळं, मग रोज भांडण. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि रेडिओ खोलायचा नाद. म्हटलं, मी टायमर करून देतो. तीन तास भरले की घंटा वाजेल, चाचांनी व्हॉल्व्ह फिरवायचा. पेटी घरच्या गार फरशीवर तपासली, अचूक निघाली. गावानं नारळ फोडला, आणि मी काय, हवेतच!

महिन्याभरात चाचा म्हणाले, "मास्तर, पेटी दुपारची सुस्तावती बघा."

"चाचा, मशीन हाय ते, म्हैस न्हाई," मी हसण्यावारी नेलं.

पुढं सकाळच्या पाळीवाल्यांनी बोंब ठोकली, दुपारची पाळी लांबते म्हणून. दुपारची पाळी नेमकी चाचांच्या मेव्हण्याची. झालं! चाचा पेटीत हात घालतात, असं ठरलं आणि रविवारच्या बैठकीत त्यांना काढायचं नक्की झालं. वीस वर्षं पंप सांभाळलेला माणूस! पेटीवर कुणाचा संशय नाही. मास्तरनं केलेली ना.

तेव्हा कुठं मला ते सुस्तावणं आठवलं. पेटीतला ऑसिलेटर सेकंदाला हजार ठोके द्यायचा, ते मोजून ती वेळ धरायची. मी किटमधून जुळवलेला फ्रिक्वेन्सी काउंटर काढला, डेअरीतून थर्मामीटर मागून आणला आणि पेटी बसवली होती त्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीपाशी चार दिवस ठाण मांडलं. काउंटर तेवढा बाहेर लिंबाखाली ठेवला, नाहीतर तोही तापायचा. दर तासाला वहीत तापमान आणि ठोके लिहायचो. सकाळी सातला हजार. अकराला नऊशे शहाऐंशी. दुपारी दोनला, पत्रा तव्यासारखा तापल्यावर, नऊशे साठ. चारही दिवस जवळपास तेच. ऑसिलेटरमधला माझा स्वस्तातला कपॅसिटर उन्हानं बदलत होता, ठोके मंदावत होते आणि दुपारच्या पाळीला सात मिनिटं जास्त जात होती. गाढवपणा सगळा माझा.

त्या चार दिवसांत चाचांनी मला वेळेवर चहा दिला, थंड पाणी दिलं. मी काय लिहितोय, ते एकदाही विचारलं नाही.

बैठकीत मी वही वाचली, चाचांनी हे मला आधीच सांगितलं होतं आणि चूक माझी, असं सांगून टाकलं. चेअरमन चाचांवरच खेकसले, "आरं, तुला ठावं होतं तर काहून बोलला न्हाईस?"

"लेकरं शिकतेत मास्तरांपाशी," चाचा म्हणाले. "त्यांचं नाव खराब झालं आसतं. माझं काय, कुठंबी मोटार चालू-बंद करीन."

कुठंबी! आसपासच्या साऱ्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या, हे चाचांइतकं कुणाला ठाऊक होतं? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चार दिवस मी समजत होतो, की मी त्यांना वाचवतोय.