आतोबा आणि ऑइलची पट्टी

मोटारीवर आमच्या आतोबांइतकी माया साऱ्या मुळशी तालुक्यात कुणी केली नसेल, आणि दारात मोटार असून त्यांच्याइतकं पायी चालणारा माणूसही दुसरा झाला नसेल. धरणावरच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी काळी मोटार आतोबांनी घेतली, आपल्या गावी भऱ्याला आणून गोठ्याशेजारच्या पडवीत उभी केली, आणि त्या दिवसापासून ती 'तयार होत' होती. पिरंगुटच्या बाजाराला आतोबा पिशवी घेऊन चालत जात. "गाडी न्हाई काढली?" असं वाटेत कुणी विचारलं की ठसक्यात सांगत, "पाणी-तेल बघितल्याबगर गाडी काढणारा मानूस न्हवं मी."

हे बघणं म्हणजे पूजाच असे. धारा काढून झाल्या की बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी ओढून काढायची, पुसायची, परत बुडवायची, परत काढायची आणि उन्हात धरून तिच्यावरच्या खुणेकडे एक डोळा मिटून बघायचं. पुसायला आत्याच्या जुन्या लुगड्याचाच तुकडा लागे. नवं कापड तेल टिपत नाही, असं त्यांचं ठाम मत. जुनं हाताशी नसलं तर दोरीवरचं नवं लुगडंही त्यांच्या दृष्टीनं जुनंच होई. दर भाऊबीजेला वडील आणि मी कोथरूडहून एसटीनं भऱ्याला जायचो, तेव्हा आतोबा ती पट्टी माझ्या नाकाशी धरून म्हणत, "वास घे. रातभर निजलेलं तेल सकाळच्याला खरं बोलतं." मला त्यातलं कधी काही ऐकू आलं नाही, पण मी मान डोलवत असे.

बॅटरीसाठी विकतच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पावसाच्या तोंडाला अंगणात चार काठ्या रोवून त्यांवर धुतलेलं धोतर ताणायचं आणि त्याखाली बरणी ठेवायची. पत्र्यावरून गळालेलं पाणी चालत नसे, थेट आभाळातलंच हवं. बरणी म्हणजे आत्यानं लोणच्यासाठी हौसेनं आणलेली कोरी, चिनी मातीची. ती बरणी नेली त्या वर्षी लोणचं पडलंच नाही. "मानसांनी तोंडी लावायला काय घ्यायचं, बॅटरीचं पानी?" असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती.

रात्री मोटारीखाली वर्तमानपत्र पसरून सकाळी बातम्यांच्या आधी त्यावरचे डाग वाचायचे, हाही नेम. एकदा कागदाच्या कोपऱ्यावर ओला डाग निघाला. ब्रेकचं ऑइल गळतंय म्हणून आतोबा दिवसभर मोटारीखाली उताणे. संध्याकाळी शेजारचं कुत्रं आलं, चाकाशी उभं राहून त्यानं मागचा पाय वर केला आणि उलगडा झाला. "तपासनी कवा वाया जात न्हाई," असं म्हणत आतोबा अंग झटकून उठले.

एका वर्षी वडिलांना छातीचं दुखणं जडलं. डॉक्टरांनी जिनासुद्धा उतरायची बंदी केली. म्हणून भाऊबीजेला आत्याला आणायला मी एकटाच भऱ्याला गेलो. तिचे गुडघे असे, की एसटीची पायरी तिला चढवत नसे. मोटार निघाली तरच भाऊबीज होणार होती.

आतोबा उजाडल्यापासून बॉनेटमध्ये वाकलेले होते. ऑइल पाहिलं, जरासं ओतलं, परत पाहिलं. रेडिएटरमध्ये तांब्यानं पाणी घातलं. ऊन डोक्यावर आलं. आत्या नवं लुगडं नेसून, मांडीवर ओवाळणीचं ताट घेऊन पुढच्या सीटवर केव्हाची बसली होती. आतोबांनी पट्टी पुन्हा काढली. "खुनंच्या जरा खालीच दिसतंय. घाटात दगा नको. उद्या जाऊ."

"उद्या भाऊबीज असती व्हय?" आत्या म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "अवो, गाडीत किती हाय ते पट्टी घालून कळतं तुमाला. माझ्या भावात किती उरलंय, ते कशानं बघू मी?"

आतोबांनी पट्टी न पुसता तशीच आत सारली आणि बॉनेट खाली ओढलं. पिरंगुटचा सबंध घाट त्यांनी हॉर्न वाजवत चढला, वळण असो वा नसो. एसटी पुढं गेली, ट्रक गेले, एक सायकलवालाही आमच्याकडे कुतूहलानं बघत गेला. दिवेलागणीला घर आलं. वडिलांना उशीला टेकवून बसवलं, आत्यानं ओवाळलं, दोघं हसली आणि मग रडली. दारात उभे असलेले आतोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोचली की रं गाडी!" त्या आवाजातलं नवल ऐकलं आणि मला पहिल्यांदा कळलं, की या माणसाला इतकी वर्षं घाटाची भीती वाटत होती.

वडील महिन्याभरात गेले. पहिलं वर्ष आमच्याकडे सण झाला नाही. त्याच्या पुढच्या भाऊबीजेला सकाळी घर अगदी गप्प असताना दारात हॉर्न वाजला, वळणावर वाजवावा तसा, थांबून थांबून. खाली गेलो तर आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर तेच ताट.

"भाऊ न्हाई, भाचा तर हाय," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. आतोबांनी मला जवळ घेतलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज पट्टी बघितलीच न्हाई बघ. उठलो आन् निघालो."

मी नेहमीसारखी मान डोलावली. संध्याकाळी सदरा काढला, तर पाठीवर काळ्या तेलाची पाच बोटं उमटलेली होती. तेलाचा डाग धुऊन जात नाही म्हणतात. मी तो कधी घालवायला गेलो नाही.