नळ आणि नळे

शेजारच्या वयनीने मला त्या दिवशी वाचवले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही नाही. तिचे घर आमच्या परसाला लागून, मध्ये चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत. सगळी आळी तिला वयनी म्हणे, म्हणून मीही म्हणे.

मी सोलापूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन मालवणात आले ते नेमकी मास्तरांच्या घरात. सासरे निवृत्त शिक्षक, नवरा शिक्षक, नणंद शिक्षिका होण्याच्या वाटेवर. माझ्या शिक्षणाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, त्यामुळे मला धास्ती जास्त. वाटायचे, एक दिवस माझ्या हातून असे काही होईल की सगळ्यांची खात्री पटेल, आणि मग म्हणतील, जरा माहेरी जाऊन ये. जरा म्हणजे किती, ते कुणी सांगणार नाही.

त्यात भाषा. इथे प्रत्येक शब्दाला वेगळे शेपूट असते, एवढे मी एव्हाना शिकले होते. शेपूट सोडले की आपला शब्द उरतो, अशी माझी रीत.

मे महिन्यात एकदा जेवताना सासरे म्हणाले, “पावसाआधी नळे काढून, पुसून, फुटके बदलून परत लावूक व्हये. गडी काय गावणा नाय.”

मी शेपूट सोडले. नळ उरले.

दुसऱ्या दिवशी सगळे धामापूरला देवीच्या दर्शनाला गेले. घर राखायला मी. गडी मिळत नाही तर आपणच करावे, आल्यावर सगळ्यांना दिसेल, असा विचार करून मी वयनीकडे पाना मागायला गेले. तिचा नवरा मच्छीमारी लाँचच्या इंजिनावर असे, त्यामुळे पाने होते. कशाला हवा, ते तिने विचारले नाही.

परसातला नळ फिरवून फिरवून काढला. तो निघाला तशी टाकीतल्या पाण्याची धार माझ्या पोटावर बसली. नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा बोळा कोंबला, तो गडग्यापाशी जाऊन पडला. मग मी न्हाणीतला आणि स्वयंपाकघरातलाही नळ काढला. तेव्हा ते बरोबर वाटले होते. एकेका नळाचे पाणी वाटले जाऊन जोर कमी होईल, असा माझा हिशेब.

पाण्याचा आवाज ऐकून वयनी गडग्यावरून वाकली. मी सांगितले, सासऱ्यांनी नळे काढायला सांगितलेत.  तिने छपराकडे बोट केले.

“नळे ते, गो. तू पाण्याचे कित्याक काढलंस?”

छपरावर अर्धगोल कौले होती. आमच्याकडे घरांना माती नाहीतर पत्रे. कौलांना कुणी नळे म्हणत असेल हे मला कोण सांगणार? मी तिथेच ओल्यात बसले.

“रडान टाकी भरतली?” ती म्हणाली आणि पदर खोचून गडगा ओलांडून आली.

टाकी रिकामी झाल्यावर पाणी आपोआप थांबले. दुरुस्तीसाठी ती सोय झाली. नळ आतून कसा असतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते, म्हणून परसातला उघडून पाहिला. आत वायसर होता, उंदराने कुरतडावा तसा. हाच नळ कायम ठिबकायचा. वयनीने जुनी रबरी चप्पल कापून नवा वायसर केला. आट्यांना देवाच्या वातींचा कापूस गुंडाळला. न्हाणीतला नळ भिंतीकडे तोंड करून बसला, तो पुन्हा वळवला. मग तिने स्वतःच्या विहिरीतून पाणी ओढायला घेतले. मी शिडीवर, ती खाली. उन्हे उतरेपर्यंत कळश्या चालू होत्या.

संध्याकाळी सासरे आले, परसात पाय धुतले, नळ बंद केला आणि तसेच उभे राहिले. ठिबकत नव्हता. कुणी केले, असे त्यांनी विचारले. 

“मास्तरांनु, तुमच्या सुनेन,” गडग्यापलीकडून वयनी म्हणाली. “सकाळीच पानो घेवन गेली.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सासऱ्यांनी नळ पुन्हा उघडून पुन्हा बंद केला. “बरा केलंस,” मला म्हणाले. माहेरी जायचा विषय निघाला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

वयनीने ही गोष्ट आळीत कुणाला सांगितली नाही. मीच आता सांगते आहे. यांची बदली झाली तसे आम्ही लांब आलो. वयनीचे गुडघे धरतात, पण घरचे पाणी अजून तीच ओढते, असे कळले. एका उन्हाळ्यात मी जाऊन राहणार आहे आणि विहिरीचा दोर तिच्या हाताला लागू देणार नाही. ती शिव्या घालील. घालू दे.